कोठाराच्या किल्ल्या

शनिवारच्या वर्गात मी पोरांना सांगितलं होतं, "घरी जाऊन किल्ल्यांची जोडी तयार करा आणि तुमची पब्लिक की मला पाठवा." रात्री दहाच्या सुमाराला व्हॉट्सॲपच्या गटावर पहिली फाइल आली. खाली मजकूर, "सर, की पाठवलीया. बघा." बघितली. पहिल्याच ओळीत पाच आडव्या रेघा आणि त्यांच्यापुढं मोठ्या इंग्रजी अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं, की ही खाजगी किल्ली आहे. गटात आम्ही बेचाळीस जण होतो.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "पुसून टाकतो सर, सगळ्यांच्याच फोनमधनं." मी म्हटलं, फाइल पुसशील, पण बेचाळीस जणांनी किल्ली बघितली ती बघितली. आता ती मोडीत काढ आणि नवी कर. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग दुखावलेल्या आवाजात, "तुम्हीच म्हणालासा की, की पाठवा म्हणून!"

त्याचं बरोबर होतं. त्या एका वाक्यात दोन 'की' होत्या आणि माझ्या शिकवण्यातही दोन 'की' होत्या. त्याच्या वाक्यातल्या दोन सहज वेगळ्या कळत होत्या, माझ्या मात्र कळत नव्हत्या. ही पुस्तिका त्या फोनमधून निघाली.

विषय थोडक्यात असा. आजचा कुठलाही प्रोग्रॅम एकटा माणूस लिहीत नाही. पाच जण, पन्नास जण, कधी पाच हजार जण एकाच कोडवर काम करतात. ते कोड एका सामाईक जागी ठेवलेलं असतं. प्रत्येक जण तिथून प्रत घेतो, आपल्या यंत्रावर भर घालतो आणि ती भर परत तिकडं पाठवतो. या देवाणघेवाणीसाठी आज बहुतेक जण गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आता प्रश्न उरतो तो दाराचा. आत काही ठेवायला आलेला माणूस आपलाच आहे हे त्या दूरच्या यंत्राला कसं कळायचं? पासवर्ड विचारणं हा जुना मार्ग. किल्ल्यांची जोडी वापरणं हा त्याहून बरा मार्ग. पुस्तिका त्या दुसऱ्या मार्गाची आहे.

आधी शब्दांचं निस्तरू. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक निबंध लिहून जोडकिल्ल्यांची कल्पना जगापुढं मांडली. एक सगळ्यांना द्यायची, दुसरी कुणालाच नाही. इंग्रजीत दोन्हींना 'की'च म्हणतात, आणि आपण ते जसंच्या तसं उचललं. पण जी सगळ्यांना वाटायची असते तिला किल्ली म्हणणं म्हणजे पोरांना खड्ड्यात ढकलणं आहे. ती किल्ली नव्हेच. ते कुलूप आहे. खटक्याचं कुलूप असतं ना, दाबलं की बसणारं, तसं. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. अशी शंभर कुलपं मी महाद्वार रोडवर रस्त्यावर वाटली तरी माझं काही बिघडत नाही, कारण ती सगळी उघडणारी किल्ली एकच आहे आणि ती माझ्या खिशात आहे. त्या सामाईक जागेच्या राखणदाराकडं माझं कुलूप जातं. तो ते दाराला लावतो. ते मी उघडून दाखवलं की मी मीच.

म्हणून या पुस्तिकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पब्लिक कीला कुलूप आणि प्रायव्हेट कीला किल्ली म्हटलं आहे. रिपॉझिटरीला, म्हणजे कोडच्या त्या सामाईक जागेला, 'भांडार' म्हणावं असं एका स्नेह्याचं म्हणणं होतं, पण कोल्हापुरात भांडार म्हटलं की वस्त्रभांडार डोळ्यांपुढं येतं. मी 'कोठार' घेतलं. पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या तीन कोठ्या आहेत, गंगा, यमुना आणि सरस्वती. शाळेच्या सहलीत आपण सगळेच त्यांच्या गार अंधारात ओरडून आलेलो आहोत. वेढा पडला की गडाचा जीव त्या कोठ्यांत असायचा. कंपनीचा जीव तसा तिच्या कोडच्या कोठारात असतो. कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला, 'नोंद' म्हटलं आहे, कारण गिट कोठार आहे तशी रोजकीर्दही आहे. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते, त्यामुळं मागचं पान गुपचूप बदललं तर पुढच्या सगळ्या पानांच्या खुणा बदलतात. पुश (भर पाठवणं) आणि पुल (बदल आणणं) मात्र तसेच ठेवले. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण कुणी बोलतच नाही असे शब्द छापण्यात अर्थ नाही.

पासवर्डवर माझा राग का, तेही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. ऊसनोंदणी, वजनकाट्याच्या पावत्या, बिलं असलं आमचं काम. आम्ही नऊ जण एकाच नावानं कोठारात शिरायचो आणि पासवर्डही एकच. तो फळ्यावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, चौकट करून लिहिलेला. चौकटीखाली 'पुसू नये'. कुणी नोकरी सोडून गेला की दोन दिवस चर्चा व्हायची, पासवर्ड बदलायचा का? बदलला तर सगळ्यांच्या यंत्रांवर बदलायचा, चार ग्राहकांकडच्या सर्व्हरवर बदलायचा. राहू दे. एके सकाळी बिलांच्या भागातलं बरंच काम गायब दिसलं. जुन्या नोंदींतून ते परत मिळालं, पण पुसलं कुणी? नोंदीत नाव एकच, सगळ्यांचं. मग बोट कुणाकडं गेलं असेल? नुकत्याच सोडून गेलेल्या पोराकडं. महिनाभर त्याचं नाव चहाच्या टपरीपर्यंत पोचलं. शेवटी निघालं ते असं, की आमच्यातल्याच एकानं घाईत चुकीचा फोल्डर पुसून वर पाठवला होता. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. ज्याच्यावर आळ आला त्या पोराला कुणी सॉरी म्हटलं नाही. मीही नाही.

आपल्याकडं सामाईक वस्तूची किल्ली सामाईक असते, ही आपली जुनी सवय आहे. तालमीची किल्ली कोपऱ्यावरच्या पानपट्टीत, मंडळाच्या खोलीची किल्ली चौकटीवर. तिथं ते चालतं, कारण गल्लीला डोळे असतात. कोण आला, कोण गेला हे समोरच्या घरातली आजी सांगते. इंटरनेटवरच्या दाराला अशी आजी नाही. तिथं जागा सामाईक ठेवायची असेल तर किल्ल्या प्रत्येकाच्या वेगळ्याच लागतात.

हा शहाणपणा जगालाही ठेच लागूनच आला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावर कान लावून बसलं आणि जाणारे-येणारे पासवर्ड टिपत गेलं. तेव्हा दूरच्या यंत्रावर काम करायला टेलनेट वापरायचे आणि त्यातून पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकानं ते बघून हे सगळं झाकून नेणारं एसएसएच लिहिलं आणि जुलैत लोकांना फुकट दिलं. त्याला आपल्या प्रोग्रॅमसाठी इंटरनेटवर एक क्रमांक हवा होता. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा क्रमांक २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा. त्यानं ईमेल करून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी मिळाला. आज सरकारी कार्यालयातून साधा दाखला काढताना मला ही गोष्ट हमखास आठवते. वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांतले वीसेक हजार लोक एसएसएच वापरत होते. आपल्याकडं त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपल्या हातात दार आलं तेव्हा जगात त्याचं कुलूप तयार होतं. आपण मात्र पुढची कित्येक वर्षं फळ्यावर पासवर्ड लिहीत बसलो.

कुलपाची उपमा सोपी आहे, पण ती पुरी पडत नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीत ती शब्दशः खरी होती. सर्व्हर एक यदृच्छ संख्या तुमच्या कुलपात बंद करून पाठवायचा. तुम्ही ती किल्लीनं उघडून, आत काय होतं याचा पुरावा परत द्यायचा. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे आज आपण वापरतो तिच्यात, रीत बदलली. आता तुमचं यंत्र या भेटीपुरत्या एका मजकुरावर सही करतं आणि सर्व्हर ती सही तुमच्या कुलपाशी ताडून बघतो. इथं कुलपापेक्षा शिक्का जवळचा. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज ठराव मंजूर करायला वापरतो, पण जुन्या कागदांत शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळी. पत्राच्या माथ्याला मुद्रा उमटायची आणि मजकूर संपला की तिथं मोर्तब, म्हणजे मर्यादेची छोटी मुद्रा. तिच्याखाली मागाहून कुणी ओळ घुसडली तर ती उघडी पडायची. शिक्क्याचा ठसा सगळ्यांनी बघावा, शिक्का मात्र ज्याचा त्याच्याकडं.

या जुन्या पद्धतीत एक भोक होतं. हुशार सोनाराच्या हातात ठसा पडला तर तो त्यावरून शिक्का कोरू शकत होता. गणितानं ते भोक बुजवलं. आता ठसा कितीही वेळ न्याहाळला तरी त्यावरून शिक्का घडवता येत नाही. करायला गेलं तर जगातली सगळी यंत्रं जुंपूनही आयुष्य पुरायचं नाही. शिवाय प्रत्येक भेटीचा मजकूर वेगळा, म्हणून प्रत्येक सही वेगळी. कालची सही चोरून आज चालत नाही. पासवर्डचं नेमकं उलटं आहे. तो दर वेळी तोच आणि दर वेळी समोरच्याच्या हातात द्यावा लागतो.

मात्र किल्ली घडवताना वापरलेला फासा खोटा असेल तर गणित काही करू शकत नाही. मे २००८ मध्ये असं उघडकीला आलं, की डेबियन या लिनक्सच्या वाणात दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सद्हेतूनंच कोडच्या एक-दोन ओळी काढून टाकल्या होत्या, आणि त्यामुळं किल्ल्या घडवताना लागणारी यदृच्छता जवळजवळ आटली होती. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, फक्त ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. एवढ्या किल्ल्या तर कुणीही एका दिवसात घडवून ओळीनं लावून बघेल. जगभरच्या लोकांना आपल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. तेव्हापासून मी कुणालाही जुनी किल्ली वर्षानुवर्षं बाळगू देत नाही. आज नवी करायची तर एड२५५१९ या जातीची करावी. नाव भयंकर आहे, पण ते दोनाच्या २५५ व्या घातातून १९ वजा केल्यावर येणाऱ्या मूळ संख्येवरून पडलं आहे. तिचं कुलूप इतकं छोटं असतं की एका ओळीत मावतं. आरएसए या दुसऱ्या जातीच्या कुलपाची लांबलचक ओळ चिकटवताना निम्मी तुटून पडते आणि पोरं तासभर डोकं खाजवतात. तेवढ्यासाठी तरी ही बरी.

आता या पुस्तिकेच्या गाभ्याकडं येतो, आणि तो मला संगणकाच्या पुस्तकात मिळालेला नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आपल्या करवीर दरबारातलं. अमात्यांचं घराणं आपल्याच गगनबावड्याचं. त्यात दुर्गांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, असं पंत सांगतात. म्हणून जागा बघून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्याही ठेवाव्यात. इथपर्यंत कुणीही सांगेल. पुढचं खास पंतांचं आहे. रोजच्या वापराला लागतील तेवढेच दरवाजे आणि दिंड्या चालू ठेवाव्यात, उरलेल्या चिणून टाकाव्यात. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजकारणी माणसानं एसएसएचच्या बंदोबस्ताचा सगळा नकाशा दोन वाक्यांत काढून ठेवला आहे, असं मी वर्गात म्हणतो तेव्हा पोरं हसतात. हसू द्यात. त्यांच्या यंत्रावर बसून मी ते दाखवतो.

एकच दरवाजा हा दोष म्हणजे काय? तुमची एकच किल्ली एकाच लॅपटॉपवर असेल आणि तो लॅपटॉप एसटीत राहिला, तर स्वतःच्याच कोठाराबाहेर तुम्ही उभे. म्हणून दुसऱ्या यंत्रावर दुसरी किल्ली करायची. तीच किल्ली पेन ड्राइव्हवरून तिकडं न्यायची नाही, नवीच घडवायची, आणि दोन्हींची कुलपं कोठारात नोंदवायची. कोठार सांभाळणाराही एक नसावा, दोन असावेत. पंतांच्या चोरदिंडीची जागा इथं अशी आहे, की सर्व्हरला स्वतःहून कोड उचलायचं असेल तर त्याला त्याची वेगळी किल्ली द्यावी. त्या एका कोठारापुरती आणि फक्त वाचण्यापुरती.

आणि चिणून टाकणं? ते कुणीच करत नाही. माणूस येतो तेव्हा त्याचं कुलूप उत्साहानं लावलं जातं. जातो तेव्हा नारळ, शाल आणि ग्रुप फोटो. कुलूप तसंच. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्यानं जुना लॅपटॉप विकत घेतला. वर्गात त्यानं एसएसएचचा लपलेला फोल्डर उघडला तर आत आधीच एक किल्ली होती, आधीच्या मालकाची. परवलीचं वाक्य न लावलेली, उघडी. ती कुठल्या कोठारांची दारं उघडत होती ते आम्ही बघितलं नाही, पोराच्या देखत पुसून टाकली. तो आधीचा मालक कुठं तरी निश्चिंत असेल. त्याच्या कंपनीच्या यादीत त्याचं ते कुलूप अजून लोंबकळत असेल, तर त्याला काय म्हणायचं? न चिणलेली दिंडी. पासवर्डनं आत यायची वाटही अशीच. किल्ल्यांची व्यवस्था चालू झाल्यावर सर्व्हरवर ती बंद करायला विसरलात तर पुढच्या दाराला शिसवी दरवाजा आणि परसदार सताड उघडं, अशी गत.

परवलीचं वाक्य हा शब्द वर आला. किल्ली जन्माला येताना यंत्र ते विचारतं. नव्वद टक्के पोरं नुसतं एंटर मारून पुढं जातात. (टक्केवारी माझ्या वर्गातली आहे, कुणी छापू नये.) किल्लीची फाइल चोरीला गेली तरी या वाक्याविना ती निरुपयोगी राहते, एवढं त्याचं काम. ते दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून एजंट नावाचा मदतनीस असतो. दिवसातून एकदा वाक्य घेतो आणि मग किल्ली आपल्याजवळ धरून ठेवतो. वर्गात त्याला 'किल्लेदार' असं नाव पडलं आहे. मी ते पुस्तिकेत ठेवलं. एसएसएच स्वतःही याबाबतीत कडक आहे. किल्लीची फाइल त्या यंत्रावरच्या इतरांना वाचता येत असेल तर ते ती वापरायलाच नकार देतं. पोरं वैतागून मला विचारतात, हे परवानगी सहाशे-सहाशे काय चाललंय? मालकाला वाचता-लिहिता यावं, बाकी कुणाला काहीच नाही, असा त्या सहाशेचा अर्थ.

गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असायचे. हिशेब ज्याच्याकडं त्याच्याकडं शिबंदी नाही, धान्यसाठा ज्याच्याकडं त्याच्याकडं दरवाजा नाही. कोठारालाही अशी वाटणी लागते. कुणी फक्त वाचावं, कुणी लिहावं, जुन्या नोंदी फिरवायचा हक्क एखाद्यालाच. ही वाटणी स्वतःच्या साध्या सर्व्हरवर करता यावी म्हणून सीताराम चामर्ती या भारतीय प्रोग्रॅमरनं २००९ मध्ये गिटोलाइट लिहिलं. त्यातली गंमत मला फार आवडते. सगळे एकाच वापरकर्त्याच्या नावानं आत येतात, पण ज्या कुलपाला किल्ली लागली त्यावरून माणूस ओळखला जातो आणि त्याच्या वाट्याचीच दारं उघडतात. आमच्या जुन्या कंपनीतही नाव एकच होतं आणि इथंही एकच. तिथं त्यामुळं निरपराध पोरगं भरडलं गेलं, इथं प्रत्येकाची ओळख शाबूत राहते. आणि कुणाला काय हक्क याची यादीसुद्धा एका कोठारातच ठेवलेली, म्हणजे ती कुणी कधी बदलली याचीही नोंद. २०११ साली लिनक्सच्या मुख्य कोठाराच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली. ते महिन्याहून जास्त बंद राहिले. पुन्हा उभे राहिले ते गिटोलाइट घेऊन. इथल्या कंपन्यांत मी परदेशी महागड्या व्यवस्थांची नावं ऐकतो. हे नाव क्वचितच.

एक गैरसमज इथंच मोडू. किल्लीनं दारातून आत कोण आलं ते कळतं. आतल्या नोंदीवर नाव कुणाचं घातलं आहे ही गोष्ट वेगळी. गिटमध्ये कुणीही कुणाचंही नाव घालून नोंद करू शकतो. त्यासाठी नोंदीवरच मोर्तब करावी लागते, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून गिटला ती एसएसएचच्या किल्लीनं करता येते. त्यावर पुस्तिकेत छोटंसं प्रकरण आहे. आणखी लिहायला हवं होतं.

२०२१ वरून आठवलं. त्या वर्षीच्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ ची धोक्याची, आणि तरी वाढतच राहिली. २०१९ च्या महापुराच्या आठवणी ताज्या होत्या. आम्ही शाहूपुरीतल्या तळमजल्यावरून यंत्रं उचलून जिन्यात रचली. महामार्ग बंद. पुण्याहून लॉकडाउनमध्ये घरी आलेली कितीतरी पोरं तेव्हा कागल, गडहिंग्लज, पन्हाळ्याच्या गावांतून काम करत होती. वीज नाही, रेंज आहे तर डोंगरावर. पण कोठार पाण्यात नव्हतं आणि प्रत्येकाची किल्ली प्रत्येकाजवळ होती, म्हणून काम चालू राहिलं. पूर ओसरला, गाळ काढला, आणि १३ ऑगस्टला, शुक्रवारी, ऐन नागपंचमीच्या दिवशी गिटची कोठारं ठेवणाऱ्या गिटहबनं गिटच्या कामासाठी पासवर्ड घेणं कायमचं बंद केलं. महिनोन् महिने आधी सांगितलेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. दोन दिवसांत मला सतराएक फोन आले. पासवर्डऐवजी चालणारं टोकन घ्या किंवा किल्ली करा, असे दोन मार्ग होते. घाईत बहुतेकांनी टोकन घेतलं आणि ते एका मजकूर फाइलमध्ये साठवून फाइलला 'पासवर्ड' असं नाव दिलं. माणसाची सवय महापुरातही वाहून जात नाही.

आतापर्यंत आपण दाराशी आलेल्या माणसाची ओळख बघितली. दाराचीही ओळख पटवावी लागते. पानिपतानंतर काही वर्षांनी 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणत एक जण उभा राहिला. माणसं त्याच्यामागं गेली, किल्ले त्याच्या हाती आले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा होईपर्यंत पेशवाईला घोर राहिला. तोतया चालतो तो त्याच्या हुशारीपेक्षा आपल्या उतावळेपणावर. नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडताना एसएसएच त्याच्या कुलपाचा ठसा दाखवतं आणि विचारतं, हा ओळखीचा आहे का? पडद्यावरचा ठसा सर्व्हरवाल्यानं जाहीर केलेल्या ठशाशी ताडून बघणारा विद्यार्थी मला इतक्या वर्षांत एकच भेटला. ती मुलगी होती, आणि ती इचलकरंजीहून रोज दोन बस बदलून यायची. बाकीचे 'येस' लिहून मोकळे. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबनं आपली आरएसए किल्ली बदलली, कारण ती त्यांच्याकडूनच चुकून थोडा वेळ एका उघड्या कोठारात जाऊन पडली होती. माझ्या त्या विद्यार्थ्यानं बेचाळीस जणांना पाठवली, त्यांनी जगाला दाखवली. त्या दिवशी कित्येकांच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत धोक्याचा इशारा आला. काहींनी काळजीनं चौकशी केली. बरेच जण तो इशारा घालवायची आज्ञा शोधून, चिकटवून, पुढच्या कामाला लागले.

पुस्तिकेबद्दल एवढंच, की ती वाचायला गणित लागत नाही, आणि विंडोजवाल्यांनीही बिचकू नये, आता तिथंही एसएसएच येतं. अक्षरं मुक्ता या टंकातली आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटानं घडवलेला हा टंक मुक्त परवान्याखाली आहे. त्याचं मूळ कोठार गिटहबवर उघडं आहे, कुणालाही किल्लीशिवाय प्रत घेता येते. त्यात बदल पाठवायचा झाला तर मात्र आधी आपली ओळख सांगावी लागते. वाचायला मोकळं आणि लिहायला कुलूप, हा फरक पोरांना मी याच टंकाच्या कोठारावर दाखवतो.

ज्या विद्यार्थ्यानं त्या रात्री किल्ली पाठवली, त्यानं या पुस्तिकेचा मसुदा तपासला आणि त्यातल्या सात चुका काढल्या. त्याचं नाव छापू नये अशी त्याची अट आहे.

पुढचं पान उलटण्याआधी एक काम करा. तुमच्या कोठारात कुणाकुणाची कुलपं लावलेली आहेत त्याची यादी उघडा. तिच्यातलं ज्याचं नाव तुम्हाला ओळखता येत नाही, किंवा जो आता तुमच्याबरोबर काम करत नाही, त्याची ओळ आजच काढा. यादी कुठं असते हे माहीत नसेल, तर पहिलं प्रकरण सोडून थेट चौथ्याला जा.

कोल्हापूर